बाहेर म्हणजे कुणाच्या अंगावर?

जुन्या एकपडदा टॉकीजच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरच्या डोक्यावर पत्र्याचे नळकांडे असे. ते छतातून नाहीतर भिंतीतून थेट बाहेर काढलेले. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटती ठेवून पडद्यावर उजेड पाडायचा, तर त्या ज्योतीची धग आणि धूर बाहेर नेण्याची सोय आधी करावी लागे. सोलापूरच्या भागवत किंवा प्रभात टॉकीजला खाली खुर्चीत बसणाऱ्याला या व्यवस्थेचा पत्ताही नसे. त्याच्यापर्यंत उजेड येई, उष्णता वरच्यावर निघून जाई. पुढे कार्बन गेला, झेनॉनचे दिवे आले, तरी नळकांडे राहिलेच.

आता तो पडदा घरात आला आहे, नळकांडे मात्र आले नाही. दिव्याचा प्रोजेक्टर तीनशे वॅटच्या आसपास वीज घेतो, आणि त्याच्या पोटातला पंखा गरम हवा फेकतो ती समोर बसलेल्यांच्या कानाशी. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असलेल्या सोलापुरात हे सहन करत माणसे पडद्यावरची आयपीएलची मॅच पाहतात. मग कुणीतरी उठून पंखा पाचवर नेतो, कुणी एसीचे हप्ते किती पडतील याची चौकशी करतो.

उपकरणांनी खोली तापते ही तक्रार आपण नेहमी चुकीच्या टोकाने धरतो असे मला वाटते. कोणता प्रोजेक्टर कमी तापतो, कोणता एसी लवकर गार करतो, एवढीच चौकशी होते. निघालेली उष्णता शेवटी कुठे जाणार आणि ती कुणी सोसायची, हे विचारले जात नाही. या शहरात तरी हाच मूळ प्रश्न आहे.

आधी साधा हिशेब. बंद खोलीत विजेचे उपकरण जेवढे वॅट घेते, तेवढे सगळे वॅट अखेर उष्णताच होतात. पडद्यावर पडलेला उजेड भिंतीत आणि कपड्यांत शोषला जाऊन उष्णता होतो, स्पीकरचा आवाज हवेत विरून उष्णता होतो, पंख्याने ढवळलेली हवा शांत होताना उष्णताच देते. प्रोजेक्टर तीनशे वॅटचा असेल तर तो तीनशे वॅटचा हीटर आहे, आणि त्यात मॅच दिसते ही वरची मिळकत. छताचा जुना पंखा पाऊणशे वॅट घेतो. म्हणजे माणूस नसलेल्या बंद खोलीत ‘जरा गार होऊ दे’ म्हणून चालू ठेवलेला पंखा ती खोली तापवत असतो. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम उडवतो. अंग नसेल तर त्याला करायला काही कामच नाही. फ्रिजचे तेच. आतल्या भाजीची उष्णता आणि स्वतःच्या कॉम्प्रेसरची उष्णता तो मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. उकाडा असह्य झाला म्हणून फ्रिजचे दार उघडून उभे राहणाऱ्याच्या छातीला क्षणभर गार वाटते, पण खोली आणखी तापते.

दहा बाय बाराच्या खोलीत हवा असते जेमतेम चाळीस किलो. तीनशे वॅटची सगळी उष्णता तेवढ्या हवेतच कोंडली, तर तासाभरात तापमान पंचवीसहून अधिक अंशांनी चढेल. तसे होत नाही, कारण भिंती, फरशी, गाद्या, पुस्तके ती उष्णता पिऊन घेतात. पण पिऊन घेतात म्हणजे संपवत नाहीत. रात्री दोन वाजता परत करतात.

प्रोजेक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याआधी दोन गोष्टी त्याच्या बाजूनेही सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे, स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो. मॅच पाहायला आठ मित्र जमले की ते आठशे वॅट झाले. प्रेक्षक प्रोजेक्टरपेक्षा जास्त तापट! दुसरी जास्त गंभीर. त्याच दहा बाय बाराच्या खोलीवरच्या स्लॅबवर मे महिन्याच्या दुपारी पडणारे ऊन दहा हजार वॅटच्या आसपास असते. त्यातले पुष्कळ परत फेकले जाते, वाऱ्याने निघून जाते; तरी उघड्या, काळवंडलेल्या स्लॅबमधून खोलीत उतरणारा वाटा उपकरणांच्या बेरजेहून सहज मोठा असतो. गुन्हेगार मोजायचे तर स्लॅबचा नंबर पहिला.

मग प्रोजेक्टर, टीव्ही, कॉम्प्युटर यांची चर्चा कशाला? कारण वेळ. चार-पाच इंची काँक्रीटमधून ऊन आत पोचायला काही तास लागतात. दुपारी बारा-एकला वर पडलेले ऊन संध्याकाळी पाच-सहानंतर आतून जाणवू लागते आणि रात्री दहा-अकरापर्यंत छत धगधगत राहते. आपल्या करमणुकीची वेळ नेमकी तीच. मॅच साडेसातला सुरू होते. त्याच वेळी स्वयंपाकघरात गॅस पेटतो, इन्व्हर्टर चार्ज होत असतो, सगळ्यांचे मोबाइल चार्जरला लागतात, मुलाचा गेम खेळण्याचा कॉम्प्युटर चारशे वॅट ओढत असतो. स्लॅब दिवसाचे देणे फेडत असताना आपण खोलीच्या खात्यावर नवी भर घालतो.

सोलापूरच्या जुन्या घरांना उन्हाचे हे वेळापत्रक ठाऊक होते. माळवदाचे जाड मातीचे छत आणि हात-दीड हाताच्या भिंती यांतून ऊन आत यायला इतका वेळ लागे, की तोवर रात्रीचा वारा सुटलेला असे. छताला झरोका असे, चुलीवर धुराडे असे. माळवद गळायचे, दर वर्षी त्यावर माती टाकावी लागे, विंचू-सापांची भीती वेगळीच. त्या घरांची आरती ओवाळायचे कारण नाही. पण त्या घरात एक शहाणपण होते. आग जिथे पेटते तिथून तिला वर वाट दिलेली असे. विजेच्या उपकरणांना धूर येत नाही, आणि डोळे चुरचुरत नाहीत म्हणून घर बांधताना कुणी त्यांना आग समजलेच नाही. आजच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर, टीव्ही, सेटटॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर अशा पाच-सहा धूर नसलेल्या चुली असतात आणि एकही धुराडे नसते.

प्रोजेक्टरची आणखी एक अडचण आहे, ती टीव्हीला नाही. त्याला अंधार लागतो. अंधारासाठी खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, दाराच्या फटीतही काहीतरी कोंबायचे. म्हणजे उष्णता जायची होती ती वाटच आपण बंद करतो. त्यात कुलर लावला तर काम आणखी बिघडते. सोलापूरची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. ४२ अंश तापमान आणि हवेत वीस टक्के आर्द्रता असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती हवा तत्त्वतः २४ अंशांपर्यंत उतरवता येते, प्रत्यक्ष कुलरमधून अठ्ठावीस-तीसची मिळते. हे मुंबईकराच्या नशिबात नाही. पण कुलरला समोरची खिडकी उघडी लागते. त्याने आत ढकललेली ओली हवा बाहेर पडली तरच पुढची कोरडी हवा आत येते. बंद खोलीत अर्ध्या तासात सगळा दमटपणा साचतो, घाम वाळेनासा होतो, आणि माणसे म्हणतात, ‘कुलर बेकार आहे.’ कुलर ठीक असतो. आपण त्याला प्रोजेक्टरच्या अंधारात कोंडलेले असते.

हे भांडण सुटण्यासारखे आहे, आणि फार खर्चिकही नाही. फोटो धुण्याच्या जुन्या डार्करूममध्ये हवा येई पण उजेड येत नसे, कारण हवेची वाट नागमोडी आणि आतून काळी रंगवलेली असे. हवा वळते, उजेड वळत नाही. छताखाली भिंतीत वीतभर उंचीचे भोक, त्यात तिरप्या काळ्या पट्ट्या, आणि शक्य तर प्रोजेक्टरच्या बरोबर मागे एक एक्झॉस्ट पंखा, एवढ्याने टॉकीजचे नळकांडे घरात परत येते. तीनशे वॅट उष्णता दोन अंशांपेक्षा जास्त तापमान न वाढवता बाहेर काढायची, तर ताशी पाचशे घनमीटर हवा हलवावी लागते. स्वयंपाकघरात लावतो तो साधा एक्झॉस्ट पंखाही एवढे काम करतो. मात्र पंखा प्रोजेक्टरच्या जवळ, उंचावर हवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावलेला पंखा ती गरम हवा आधी सगळ्यांच्या डोक्यावरून फिरवून मग बाहेर नेतो. आणि दुपारी बाहेर ४२ असताना हा उद्योग करू नये. तेव्हा बाहेरची हवाच आतल्याहून तापलेली असते. सूर्य मावळल्यावर मात्र करावा.

कुलरच्या पाण्याचा हिशेब सोलापूरकराला वेगळा समजावून सांगायला नको. ज्या शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे कुलरची टाकी भरताना बाईच्या मनात हंड्यांची मोजणी चालूच असते. एक लिटर पाणी वाफ होताना युनिटच्या दोनतृतीयांशाएवढी उष्णता घेऊन जाते. म्हणजे प्रोजेक्टरची तीन तासांची उष्णता निव्वळ पाण्याने घालवायची तर सव्वा ते दीड लिटर लागेल. हे फार नाही. पण तीच वीज जिथे तयार होते तिथेही पाणी जाते. फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, ६६० चे दोन संच. त्याचे पाणी उजनी धरणाचे. अशा केंद्रात विजेच्या एका युनिटमागे सुमारे दीड युनिट उष्णता टाकून द्यावी लागते, आणि ती घालवण्यासाठी कूलिंग टॉवरमधून एका युनिटमागे दोन-तीन लिटर पाणी आकाशात जाते. तिथली वीज ग्रिडमध्ये मिसळून कुठेही जाते, आपल्याच घरात येते असे नाही. तरी विजेने गारवा करण्यात पाणी लागत नाही हा समज सोडून द्यावा. लागते, फक्त आपल्या हंड्यातून जात नाही.

आता एसी. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅटपर्यंत उष्णता उपसू शकतो, त्यासाठी स्वतः दीड किलोवॅट वीज घेतो, आणि दोन्हींची बेरज, म्हणजे पावणेसात किलोवॅट, बाहेर ओततो. यंत्र म्हणून तो उत्तम आहे. वृद्ध माणूस, तान्हे मूल, आजारी माणूस यांच्यासाठी ४३ अंशांत तो चैनीची वस्तू नव्हे, हे मी मनापासून मान्य करतो. पण एसी उष्णता नाहीशी करत नाही, तिचा मुक्काम बदलतो. बाहेर म्हणजे कुठे, तर बोळात, जिन्यात, इमारतीच्या डक्टमध्ये, समोरच्या घराच्या खिडकीशी. २०१४ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी फीनिक्स शहराचा अभ्यास केला. फीनिक्स आपल्यासारखेच कोरडे आणि तापट. एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे शहराच्या काही भागांत रात्रीचे तापमान एक अंशाहून अधिक वाढते, असे त्यांना आढळले. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. तो ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या रात्रीत मिळवा.

सोलापुरात असे कोण? पूर्व भागात चला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे हातमाग लावले, मग यंत्रमाग आले, चादर आणि टॉवेल यांनी शहराचे नाव देशभर नेले. तिथे माग आणि राहते घर कित्येकदा एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे असतात. मागाची मोटर साधारण एका हॉर्सपॉवरची धरू; एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मागाची मोटर जेवढी वीज घेते तीही शेवटी शेडमध्येच उष्णता होते: धोटा आपटतो, पट्टे घासतात, फणी ठोकते, सगळ्याचा शेवट उष्णता. आठ मागांची शेड पूर्ण चालली की पाच-सहा किलोवॅटची भट्टी झाली, आणि वर पत्रा. घरातला प्रोजेक्टर ही याची बारीकशी नक्कल म्हणायची.

शेडची खिडकी का उघडत नाहीत, असे बाहेरचा माणूस विचारतो. कारण सुताला दमट हवा लागते. कोरडा वारा आत आला की धागा तुटतो. यात एक जुनी गंमत आहे, कडू गंमत. विलिस कॅरियर याने १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हवा नियंत्रित करणारी यंत्रणा आखली, ती कागद दमटपणाने ताणू-आकसू नये म्हणून. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये वापरात आणला तो स्टुअर्ट क्रेमर या सूतगिरण्यांच्या अभियंत्याने, सुतासाठी. माणसाचा गारवा नंतर आठवला. सोलापूरच्या जुन्या गिरण्या बंद पडल्या, पण धाग्याची सोय आधी आणि मागवाल्याची मागाहून, हा क्रम शेडमध्ये टिकून आहे.

कायद्याला मात्र हे कळले होते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १३ मध्ये वायुवीजन आणि तापमान यांचा विचार होता. कामातून जास्त उष्णता निघत असेल तर ती प्रक्रिया कामाच्या जागेपासून वेगळी करा, तापणारे भाग झाका, असा त्याचा रोख. टॉकीजच्या केबिनमागचा विचार तोच. लहान शेड या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि घरे तर अर्थातच राहिली. विडी वळणारी बाई घरात, तापल्या पत्र्याखाली दिवसभर बसते; पंखा जोरात लावला तर सुपातली तंबाखू उडते, म्हणून तोही मंद. तिच्या खोलीच्या मागच्या बोळात कुणाचे तरी आउटडोअर युनिट गरम हवा सोडत असेल, तर तिने कोणत्या कलमाखाली दाद मागायची?

उपकरणांच्या उष्णतेबद्दल जगात जे लिहिले जाते ते बहुतेक थंड देशांत लिहिले जाते, हेही इथे लक्षात घ्यावे. स्टॉकहोममध्ये डेटा सेंटरची टाकाऊ उष्णता शहराच्या नळांतून घरे उबदार करायला विकली जाते. जिथे निम्मे वर्ष घर तापवावे लागते तिथे कॉम्प्युटरची उष्णता म्हणजे हीटरच्या बिलातली बचत. म्हणून यंत्र बनवणाऱ्याचे उष्णतेबाबतचे कर्तव्य यंत्राच्या पत्र्यापाशी संपते: आतली चिप किंवा दिवा सुरक्षित राहिला की झाले. सोलापुरात या उष्णतेला गिऱ्हाईक नाही. इथे ती निव्वळ कचरा आहे, आणि कचरा म्हटला की तो कुणाच्या दारात टाकायचा हा प्रश्न आलाच.

धोरणे नाहीत असे नाही. केंद्राचा कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन २०१९ चा आहे. इको निवास संहिता २०१८ ची. तिने घराच्या छतातून किती उष्णता झिरपू द्यावी याची मर्यादा घातली आहे, आणि उघडा काँक्रीट स्लॅब त्या मर्यादेत बसत नाही. छताच्या पंख्यांना स्टार लेबल २०२३ पासून सक्तीचे झाले. पाऊणशे वॅटच्या जागी तीस वॅटचा बीएलडीसी पंखा म्हणजे प्रत्येक खोलीतला एक छोटा हीटर कमी. आणि ज्या तेलंगणातून सोलापूरचे विणकर आले, त्या राज्याने २०२३ मध्ये पाच वर्षांचे कूल रूफ धोरण आणले: छत पांढरे करा, ऊन परत पाठवा. तेच सोलापुरात का नको? कुंभारीजवळ विडी कामगार, मागवाले आणि इतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर वसाहत उभी करायचे ठरले. त्यातली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. एवढी घरे एका ठिकाणी असतील तर पांढऱ्या छताचा खर्च घरटी किती खाली येईल, याचे गणित महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यालाही एका दुपारात मांडता येईल.

पण सगळे सरकारवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. पांढरे छत स्लॅबचा प्रश्न हलका करेल, आतल्या वॅटचा नाही. तो हिशेब घरातच करावा लागेल, आणि त्यात थोडी कटकट आहे. मॅच संपल्यावर प्रोजेक्टर, सेटटॉप बॉक्स, स्पीकर यांचे बटण भिंतीवर बंद करायचे. रिमोटने झोपवलेले यंत्र जागेच असते. इन्व्हर्टर आणि फ्रिज झोपायच्या खोलीतून हलवायचे, घर लहान असेल तर निदान पलंगापासून दूर, भोकाजवळ. उन्हाळ्यात मोठ्या पडद्याचा हट्ट सोडून टीव्हीवर मॅच पाहिली तर दोनशे वॅट वाचतात. किंवा मंडळाची पोरे करतात तसे करावे: रात्री गच्चीवर पांढरी चादर ताणायची आणि प्रोजेक्टर उघड्यावर आणायचा. तिथे अंधार फुकट, वारा फुकट, आणि तीनशे वॅट आकाशात जातात.

एसी घेणाऱ्यालाही माझे एक सांगणे आहे, आणि ते रुचणार नाही. बसवायला येणारा मेकॅनिक विचारतो, ‘साहेब, युनिट बोळात लावू? पाइप कमी लागंल.’ तांब्याचा पाइप फुटावर मोजला जातो, त्यामुळे हा प्रश्न पैशाचा असतो आणि आपण हो म्हणतो. ते युनिट गच्चीवर जायला हवे, आणि जास्तीच्या पाइपाचा खर्च एसीच्या किमतीतलाच धरायला हवा. पाइप वाढल्याने एसीचा जोर थोडा कमी होतो, हा आक्षेप खरा आहे. तेवढे नुकसान आपण सोसावे. आज ते बोळातली माणसे सोसतात आणि त्यांना कुणी विचारलेले नसते. अपार्टमेंटच्या सोसायटीला यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही, वार्षिक सभेतला एक ठराव पुरतो. आमच्याकडच्या सभांत पार्किंगवरून दोन-दोन तास भांडणे होतात. त्यातला पाव तास याला दिला तरी चालेल. ठरावात एवढेच लिहायचे, की कुणाचेही युनिट दुसऱ्याच्या खिडकीसमोर, जिन्यात किंवा बोळाच्या अंगाला बसणार नाही, आणि आधी बसवलेली युनिटे पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी वर नेली जातील, ज्याच्या त्याच्या खर्चाने.